दर्शनाची मर्यादा

इंदूरच्या लालबाग राजवाड्याच्या पाठीमागून जी नदी वाहते तिला कोणी कान्ह म्हणतात, कोणी खान. राजवाड्याचे बांधकाम १८८६ मध्ये सुरू झाले आणि तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत, १९२१ मध्ये, ते पुरे झाले. तेव्हापासूनच्या शंभर वर्षांत या लहानशा नदीने शहराचा पुष्कळ मळ पोटात घेतला. तरी तिची वाट बदललेली नाही. कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला मिळते, आणि चंबळ आपल्या खालच्या प्रवाहात वाळूच्या ज्या तीरांवरून जाते तेथे लांब, निमुळत्या तोंडाची सुसर, म्हणजे घडियाल, ऊन खात पडलेली असते. जगातून जवळजवळ नाहीशा होत चाललेल्या या प्राण्याची सर्वांत मोठी वस्ती आज चंबळेतच आहे. हिवाळ्यात तेथे नावा लागतात, भाडे ठरते, आणि प्रेक्षक सुसरी पाहून परततात.

यात वावगे काय, असे कोणीही विचारील. बंदूक नाही, जाळे नाही. केवळ पाहणे आहे. परंतु वकिलीचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला एक खोड जडते. कोणी एखादी गोष्ट हक्काने करू लागला की तो हक्क आला कोठून, हे विचारल्यावाचून त्याला राहवत नाही. ज्या प्राण्याने आपल्याला बोलावलेले नाही, त्याच्या घरात शिरून त्याला पाहण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि तो अधिकार असलाच, तर त्याची सीमा कोठे?

इंदूरसारख्या खुष्कीच्या मुलखात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना या प्रश्नाचे सर्वांत नवे रूप दिसते ते गोव्यात. कुलदैवताच्या दर्शनासाठी फोंडा महालात जाणारी कुटुंबे पूर्वी देवळाच्या अग्रशाळेत उतरत, अभिषेक करीत आणि परतीच्या वाटेला लागत. आता त्या यात्रेला एक दिवस जोडला जातो, आणि त्या दिवशी मुलांच्या आग्रहास्तव कांदळवनात कयाकची सफर होते. कयाक म्हणजे एक किंवा दोन माणसांपुरती अरुंद, हलकी होडी. दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे आळीपाळीने डावी-उजवीकडे टाकीत ती हाकायची. पुढे वाटाड्या, मागे पाचसहा होड्यांची रांग. यंत्र नाही, धूर नाही, आवाज नाही. मांडवीच्या पात्रात चोडण बेटाच्या टोकाला १९८८ साली घोषित झालेले डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. ते जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचे. त्याच्या आसपासच्या आणि गोव्यातील इतर खाड्यांतून खंड्या, बगळे, नशीब असल्यास पाणमांजर, आणि मांडवी व जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगर, असे पुष्कळ काही पाहावयास मिळते.

या शांत होडीविषयी लोकांची समजूत अशी की, हिच्यासारखे निरुपद्रवी वाहन दुसरे नाही. समजूत साहजिक आहे. परंतु होडीचा इतिहास वेगळे सांगतो. कयाक ही उत्तर ध्रुवाजवळच्या हिमप्रदेशातील लोकांची निर्मिती. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवीत, आणि बनवीत ती शिकारीसाठी. पाण्यावर विसावलेल्या सीलला चाहूल न लागता भाल्याच्या टप्प्यात जाता यावे, हा तिच्या घडणीचा हेतू. म्हणजे जी नीरवता आज आपल्याला आदराची खूण वाटते, ती मुळात दबा धरण्याची कला होय. त्या हिमवासी माणसाला दोष देण्याचे कारण नाही. त्याचे पोट त्या शिकारीवर होते. एवढेच ध्यानात ठेवावे की, आवाज न करणे आणि उपद्रव न देणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. यंत्राची बोट दुरून ऐकू येते आणि पक्ष्याला सावध होण्यास अवधी मिळतो. कयाक वळणावरून एकाएकी समोर येते, आणि जेथे बोट शिरू शकत नाही अशा चिंचोळ्या ओहोळातही शिरते. बोटीपासून लपण्याची जी जागा उरली होती, नेमकी तीच कयाकने गाठली.

‘पाहण्याने कोणाचे काय जाते?’ हा या बाबतीतला पहिला आणि सर्वांत प्रिय युक्तिवाद. त्याचे उत्तर भावनेने देण्याची गरज नाही. हिशेबाने देता येते. कांदळवनातील ओहोळ भरतीच्या वेळी पाण्याने भरतात, म्हणून कयाकची सफर बहुधा भरती पाहूनच काढतात. परंतु चिखलात चोच खुपसून पोट भरणाऱ्या पक्ष्यांचा चारा भरतीत पाण्याखाली जातो, आणि ते तास त्यांनी काठावर किंवा झाडांवर विश्रांतीत काढावयाचे असतात. रातबगळ्याची तर दिवसभर झोपच असते. आपल्या सोयीची वेळ ती त्यांच्या निद्रेची वेळ. थंडीत हजारो कोस उडून आलेल्या पक्ष्याने शरीरात साठवलेली चरबी ही त्याच्या परतीच्या प्रवासाची शिदोरी असते. प्रत्येक वेळी दचकून उडताना त्या शिदोरीतला एक घास खर्ची पडतो. घरट्यावरून उठलेल्या मादीची अंडी उन्हात उघडी पडतात, आणि कावळा व घार यांना एवढी संधी पुरते. आपण हाताने काही नेले नाही हे खरे. परंतु आपल्या येण्याने त्याचे गेले, हेही तितकेच खरे.

हवाई बेटांजवळ गिरक्या घेणाऱ्या डॉल्फिनांची एक जात आहे. ती रात्री खोल समुद्रात भक्ष्य शोधते आणि दिवसा किनाऱ्यालगतच्या उथळ उपसागरात विसावते. दिवसा विसावते, म्हणूनच ती प्रवाशांना सहज सापडे. पोहणारे, होड्या, कयाक सगळे तिच्याभोवती जमत. अखेर २०२१ मध्ये अमेरिकन सरकारने नियम केला की, किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांच्या आत या डॉल्फिनांच्या पन्नास यार्डांच्या आत कोणी जाऊ नये. कोणी त्यांना मारीत नव्हते. त्यांची झोप मोडत होती, आणि झोपमोड ही हानी आहे असे कायद्याला मान्य करावे लागले.

आपल्या कायद्यानेही हे तत्त्व काही अंशी फार पूर्वी ओळखले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या वाचताना सामान्य वाचक थबकेल. मारणे, विष घालणे, पकडणे, हाकणे, आमिष दाखवणे हे तर तीत आहेच. त्याशिवाय वन्य पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही शिकारीतच मोडते. म्हणजे अधिक चांगले छायाचित्र मिळावे म्हणून घरट्यावरची फांदी बाजूला करणारा सद्गृहस्थ कायद्याच्या दृष्टीने शिकाऱ्याच्या पंक्तीला बसू शकतो. वाघांच्या बाबतीत २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात पर्यटनास तात्पुरती बंदी केली होती. तीन महिन्यांनी, नव्या मार्गदर्शक सूचनांच्या अधीन राहून, ती उठवली. पाहण्याच्या हक्काला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा पाळून पाहणे शक्य आहे, या दोन्ही गोष्टी त्या एका प्रकरणात दिसून आल्या.

परंतु कायद्याचे जाळे मोठ्या छिद्रांचे असते. घरटे त्यात सापडते. पक्ष्याची झोप, पाणमांजराची भीती, चाऱ्याचे वाया गेलेले दोन तास त्यातून निसटतात. दर भरतीला प्रत्येक ओहोळाच्या तोंडाशी वनरक्षक उभा करता येणार नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आपल्या राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आली, आणि त्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचे कर्तव्य आहे. परंतु कर्तव्याचा पाठपुरावा न्यायालयापेक्षा मनालाच करावा लागतो. येथून पुढचा प्रश्न धर्माचा, म्हणजे आचरणाचा आहे.

येथे दुसरा युक्तिवाद पुढे येतो, आणि तो पहिल्यापेक्षा पुष्कळ वजनदार आहे. जे पाहिले नाही त्यावर माणूस प्रेम करीत नाही, आणि ज्यावर प्रेम नाही ते तो राखीत नाही. पुस्तकातले कांदळवन वाचून कोणी त्याच्यासाठी उभा राहिला असे क्वचितच घडते. चिखलाचा वास ज्याच्या नाकात बसला तोच भराव टाकणाऱ्याला अडवितो. शिवाय त्या पाहण्यावर गरिबांची चूल पेटते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटातील स्त्रिया वल्ह्याच्या होडीतून लोकांना कांदळवन दाखवतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी कासवांची अंडी एके काळी बिनदिक्कत काढून नेली जात. आज तेच गाव अंडी राखते, आणि पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांच्या जेवणाखाण्यावर घरोघरी चार पैसे मिळतात. दूर शहरात बसून ‘जाऊच नका’ असा उपदेश करणाऱ्याने आधी या घरांच्या चुलीचा विचार करावा.

हा युक्तिवाद मला मान्य आहे. परंतु वेळासच्या उदाहरणात एक गोष्ट दडलेली आहे. तेथे पाहण्याची वेळ कासव ठरवते. अंड्यांतून पिले बाहेर येतील त्या दिवशी ती सकाळ-संध्याकाळ सोडली जातात. पाहुणे दोरीच्या अलीकडे उभे राहतात. आणि पुष्कळ पाहुणे दोन दिवस राहून एकही पिलू न पाहता परततात. तरीही पुढच्या वर्षी ते पुन्हा येतात. जे मिळण्याची खात्री नाही त्यासाठी जाणे, आणि न मिळाल्यास तक्रार न करता परतणे, याला आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे. तो शब्द म्हणजे दर्शन.

देवळाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला दर्शन आणि पाहणे यांतला भेद समजावून सांगावा लागत नाही. तो त्याच्या पायांना ठाऊक असतो. गर्भागाराच्या उंबरठ्याशी ते आपोआप थांबतात. देवाची वेळ असते. दुपारी दार लागते, रात्री शेजारती होते, आणि मग लांबून आलेला असो की मोठी देणगी देणारा असो, त्याने सकाळची वाट पाहावयाची. ‘आम्ही इंदुराहून आलो आहो, देवाला जरा जागे करा,’ असे कोणी म्हणत नाही. देणगीची पावती मिळते. ती दर्शनाची किंमत नव्हे. आणि दर्शनात आपण पाहतो तेवढेच आपल्याला पाहिलेही जाते. म्हणून तेथे आपण कपडे नीट करतो, आवाज खाली घेतो, लवतो. पाहण्यात मालकी असते, दर्शनात पात्रतेचा प्रश्न असतो. वन्य प्राण्याकडे जाताना आपण यांपैकी कोणत्या वृत्तीने जातो, एवढाच खरा प्रश्न आहे.

पक्ष्याला देव ठरवावयाचे काय, असा आक्षेप कोणी घेईल. तसे ठरवण्याची गरज नाही. परंतु ज्याला वाचा नाही त्याच्या इच्छेचा मान कसा राखावा, याचा विचार आपल्या न्यायशास्त्राने देवाच्या निमित्ताने केलेला आहे. हिंदू देवता ही कायद्याने व्यक्ती मानली जाते. तिच्या नावे मालमत्ता असते आणि ती दावा लढवू शकते. कलकत्त्याच्या मलिक घराण्यात कुळाच्या मूर्तीवरून तंटा झाला. पूजेची पाळी ज्याची, त्याने मूर्ती आपल्या घरी न्यावी की नाही, असा तो वाद. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, मूर्ती ही कोणी उचलून इकडे-तिकडे न्यावी अशी वस्तू नव्हे. तिने कोठे राहावे याविषयी तिची स्वतःची इच्छा लक्षात घेतली पाहिजे, आणि ती इच्छा मांडण्यासाठी ज्याचा या तंट्यात काही स्वार्थ नाही असा वादमित्र नेमला पाहिजे. निकालाचा कणा या शेवटच्या अटीत आहे. मुक्याच्या वतीने बोलणारा निःस्वार्थ हवा.

आता कांदळवनाकडे वळू. तेथे पक्ष्याच्या वतीने बोलणारा कोण? वाटाड्याशिवाय दुसरा कोणी नाही. पक्षी केव्हा स्वस्थ आहे, केव्हा मान उंचावून सावध झाला, आणखी किती हात पुढे गेल्यास उडेल, हे त्याला कळते. होडीतल्या पाहुण्यांना कळत नाही. परंतु त्याचा वादमित्र होण्याच्या मार्गात एक अडचण आहे. पैसे पाहुण्यांनी दिलेले असतात. ‘मगर दिसली नाही’ असे सांगत परतणारा पाहुणा उद्या दुसऱ्याला पाठवणार नाही, ही धास्ती त्याच्या वल्ह्यावर बसलेली असते. ज्याचे पोट एका पक्षाच्या हातात आहे त्याला दुसऱ्या पक्षाची बाजू मांडावयास लावणे हे न्यायालयात चालणार नाही. पाण्यावर मात्र ते रोज चालते.

मागे एकदा फोंड्याहून परतताना आम्हीही अशा एका सफरीत होतो. एका वळणावर वाटाड्याने हात वर केला आणि सगळ्या होड्या थांबल्या. तिवराच्या मुळांमध्ये एक रातबगळा मान आत ओढून बसला होता. आम्ही पाहत असतानाच त्याने मान बाहेर काढली. रांगेतील एका गृहस्थांनी खूण केली, आणखी थोडे पुढे घ्या. वाटाडा विशीतला तरुण होता. तो हळूच म्हणाला, ‘ताका आमी दिसल्यांव. आतां पाटीं वचूंया.’ आणि त्याने होडी वळवली. गृहस्थ काठावर आल्यावर रागावले. पैसे पूर्ण दिले आणि पाहणे अर्धे झाले, असा त्यांचा हिशेब. तरुणाने वाद घातला नाही. पुढच्या तुकडीच्या होड्या तो पुसू लागला.

त्या गृहस्थांचे म्हणणे कराराच्या भाषेत तपासून पाहावे. १८७२ च्या करार अधिनियमाप्रमाणे प्रत्येक कराराला मोबदला लागतो. त्यांनी पैसे दिले. मोबदल्यात त्यांना काय मिळावयाचे होते? होडी, वल्हे, अंगावर बांधावयाचे तरंगते जाकीट, वाटाड्याचे दोन तास आणि त्याचे ज्ञान. हे सारे वाटाड्याच्या मालकीचे होते आणि ते त्याने दिले. बगळा त्याच्या मालकीचा नव्हता. जे आपले नाही ते विकता येत नाही. करारावर ज्याची संमती नाही अशा तिऱ्हाइतावर कराराचा बोजा टाकता येत नाही, हे तत्त्व कायद्याचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो. बगळा त्या करारातील तिऱ्हाईत होता, आणि बोजा मात्र सगळा त्याच्यावर पडणार होता. तरुणाला कायदा ठाऊक नसेल. निर्णय त्याने बरोबर दिला. त्यातही, स्वतःच्या बक्षिशीवर पाणी सोडून दिला. प्रिव्ही कौन्सिलला हवा होता तो निःस्वार्थ वादमित्र असाच काहीसा दिसत असावा.

या तरुणाची वृत्ती त्या पाण्याला परकी नाही. जुवारीच्या काठी दुर्भाट, आडपई, बोरी या भागात पौषी अमावास्येला मानगेथापणी करतात. खाजणातील चिखलाची मगर घडवायची, तिला शिंपल्यांचे डोळे लावायचे, आणि तिची पूजा करायची. ज्या पाण्यातून मासे काढायचे, ज्याच्या बांधावर शेती राखायची, त्याच पाण्यात मगर राहते. तिने आपल्याला सांभाळावे, आपण तिच्या वाटेस जाऊ नये, असा तो व्यवहार. त्या शेतकऱ्यांनी मगरीपाशी दर्शन मागितले नाही; अंतर मागितले. पूजेसाठी तिची मूर्ती आपल्या हातांनी केली आणि खरी मगर तिच्या जागी राहू दिली. १५६० मध्ये कुठ्ठाळीहून जुवारी ओलांडून श्रीमंगेश प्रियोळला आले, ते याच नदीच्या पाण्यावरून. देवाला वाट देणारी नदी मगरीलाही घर देते, हे तेथील माणसाला कधी विसंगत वाटले नाही.

तात्पर्य, वन्य प्राणी पाहावयास जाऊ नये असे मी म्हणत नाही. जावे, मुलांना न्यावे. इंदूरकरांना तर गोव्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही. होळकरांच्या काळात बांधलेला सिरपूरचा तलाव शहराच्या कुशीतच आहे. २०२२ मध्ये तो आणि यशवंतसागर हे दोन्ही रामसर यादीत आले. तेथे हिवाळ्यात काठावर बसून पक्षी पाहता येतात. बसलेला माणूस पक्ष्याला लवकर सवयीचा होतो, आणि पुरेसा वेळ बसला तर पक्षी आपण होऊन जवळ येतो. हे पाहणे दर्शनाच्या अगदी जवळचे आहे, कारण येथे अंतर किती ठेवावे हे ज्याला पाहावयाचे तोच ठरवतो.

परंतु होडीत बसावयाचे असेल तर बसण्यापूर्वी मनाशी एक गोष्ट पक्की करावी. भाडे हे नेण्या-आणण्याचे आहे, दिसण्याचे नाही. निघण्यापूर्वी वाटाड्याला स्वतःहून सांगावे की, काही दिसले नाही तरी आमची तक्रार नाही. तू सांगशील तेथून आम्ही परतू. एवढ्या एका वाक्याने त्याच्या वल्ह्यावरची धास्ती उतरते, आणि तो पक्ष्याच्या बाजूने बोलण्यास मोकळा होतो. मुलांनाही ते वाक्य ऐकू द्यावे. आणि सफर रिकामी गेली, वळणावरून होडी फिरवावी लागली, तर काठावर उतरताना त्याच्या हातावर ठरल्याहून थोडे अधिकच ठेवावे. त्या दिवशी त्याने आपल्यासाठी सर्वांत अवघड काम केलेले असते.